खुबा सोडून बाकी सगळं

ती. स्व. मामांना,

वाकून नमस्कार. (वाकायला सध्या आमच्या घरात एकाच व्यक्तीला बंदी आहे आणि ती व्यक्ती मी नाही, तेव्हा निर्धास्तपणे स्वीकारावा.) इकडे आई, बाबा आणि मी ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द विचार करून वापरला आहे, त्याचा तपशील पुढे येईलच. तुमची प्रकृती कशी आहे हे रीतीप्रमाणे विचारायला हवं, पण विचारत नाही, कारण त्याचं उत्तर मला बाबांच्या डोक्यावर आधीच मिळालेलं आहे.

गेल्या रविवारी बाबा तुमच्या सलूनमधून केस कापून आले. त्यांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा सहा मिलिमीटर वर आहे. (मी मोजला. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना पत्ता लागला नाही.) पस्तीस वर्षं केस कापणाऱ्या माणसाचा हात सहा मिलिमीटरनं चुकत नाही, त्याचा पाय चुकतो. दुखऱ्या बाजूवर भार नको म्हणून तुम्ही दुसरीकडे झुकून उभे राहता, आणि झुकलेल्या माणसाला जे सरळ दिसतं ते सरळ नसतं. बाबा असंही म्हणाले की हल्ली तुम्ही गिऱ्हाइकाभोवती फिरत नाही, गिऱ्हाइकालाच खुर्चीसकट फिरवता. दाढी संपेपर्यंत बाबांना गरगरायला लागलं होतं, पण मेव्हण्याला कसं सांगायचं म्हणून ते गप्प बसले. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती त्यांनी आईला सांगितलेली नाही, फक्त मला सांगितली. कंगव्यांच्या बरणीत एक टूथब्रश होता आणि खुर्चीच्या मागे उशी होती. विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “वर फार उकडतं हो.” मामा, तुमची खोली सलूनच्या बरोबर डोक्यावर आहे, मध्ये सोळा पायऱ्या आहेत. एवढ्या अंतरात माणसाला खुर्चीत झोपावं लागेल इतका तापमानाचा फरक पडत नाही. हवं तर तपासलेला तापमापक पाठवते. (उपकरणं खरं बोलतात की खोटं, हे तपासायचाच मला पगार मिळतो.)

आता तुमच्या फोनकडे वळते. तुम्ही म्हणालात, “ताईला नक्की काय काय दुखतं ते मला लिहून पाठव. डॉक्टर म्हणणार सगळं छान, ताई म्हणणार सगळं छान. तू खोटं बोलणार नाहीस, तुला तेवढी कल्पनाशक्तीच नाही.” ही मी प्रशंसा समजते. मात्र हे तुम्हाला का हवं आहे तेही मला कळतं. आईचा खुबा बदलून झाला, आता पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला तुमचाही बदलायचा आहे. ती तारीख आत्तापर्यंत दोनदा पुढे गेली. पहिल्यांदा शाळा उघडायच्या आधी पोरांची गर्दी असते म्हणून, दुसऱ्यांदा सलूनचे आरसे बदलायचे म्हणून. (आरसे अजून जुनेच आहेत, असं बाबा म्हणतात.) आता तिसरं कारण हवं आहे, आणि ते ताईच्या दुखण्यातून निघालं तर तुम्हाला बरंच पडेल. हरकत नाही. मी सगळं लिहिते. त्यातलं हवं ते कारण निवडून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या खुब्याची आपण सगळ्यांनी इतकी धास्ती घेतली होती तो खुबा अत्यंत सभ्यपणे वागला. पहिले चार-पाच दिवस तो चांगलाच दुखला, पण सांगितलं होतं तेवढाच आणि सांगितलं होतं तसाच. गोळी दिली की कमी व्हायचा, व्यायाम झाला की ठणकायचा, बर्फ ठेवला की शांत व्हायचा. इतक्या शिस्तीचा अवयव मी पाहिलेला नाही. गडबड केली ती बाकीच्यांनी. एखाद्या कचेरीत एकालाच बढती मिळावी आणि उरलेल्या सगळ्या टेबलांनी तोंड फिरवावं, तसा आईच्या अंगाचा कारभार झाला. आधी तळहात दुखले, कारण वॉकर ढकलायचा सोडून ती तो दाबत होती. मग खांदे. मग टाच. (टाच का, तर दिवसभर पाठीवर पडून राहिल्यावर शरीराचं तेवढंच टोक गादीत रुततं. घोट्याखाली उशी सरकवली, तीन दिवसांत थांबली.) मग ऑपरेशन झालेल्या बाजूचा गुडघा. हा गुडघा मी मनावर घेतला, कारण त्याला कुणी हातही लावलेला नव्हता. व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, तक्रार एका खोलीतली असते आणि घंटा दुसऱ्याच खोलीत वाजते. या बाईंचं नाव आईनं ‘अजून दहा’ ठेवलं आहे. कारण उघड आहे. कोणताही व्यायाम संपत आला की त्यांच्या तोंडून हे दोनच शब्द येतात. तर आई त्यांना म्हणाली, “अहो, खुबा सोडून बाकी सगळं दुखतंय, मग बदलला कशाला?” त्या म्हणाल्या, “छान. अजून दहा.”

सहाव्या दिवशी आईनं जाहीर केलं की डॉक्टरांनी उजवा पाय लांब बसवला. चालताना एक पाय फुटपाथवर आणि दुसरा रस्त्यावर असल्यासारखं वाटतं म्हणाली. असं वाटणं नेहमीचंच असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. (वर्षानुवर्षं लंगडत चालल्यामुळे कंबर एका बाजूला झुकलेली असते. पाय सरळ झाला तरी कंबरेला ते लगेच पटत नाही. काही आठवडे जातात.) म्हणून मी प्रयोगशाळेतून पोलादी टेप आणली, आईला पलंगावर सरळ झोपवलं आणि कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय तीन-तीनदा मोजले. फरक दोन मिलिमीटर आला. माझ्या मोजण्यातच चार मिलिमीटर इकडे-तिकडे होऊ शकतात, तेव्हा फरक आहे असं म्हणता येत नाही. हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “तुझी टेप खोटी आहे.” मी तिला टेपचं प्रमाणपत्र दाखवलं. ती म्हणाली, “मग प्रमाणपत्र खोटं.”

दरम्यान पाठीत कळ येऊ लागली आणि नंतर चांगला, म्हणजे डावा, गुडघाही दुखायला लागला. मी चार दिवस रोज सकाळी मोजत होते. आकडा दोन मिलिमीटरच्या आसपासच राहायचा आणि दुखणं मात्र वाढत होतं. मी वहीत तक्ता केला, आलेख काढला. त्यातून काहीच निघालं नाही. तेराव्या दिवशी अजून-दहा बाईंनी सहज आईची डावी चप्पल उचलली आणि आत बोट घालून एकेक करत पुठ्ठ्याचे सात तुकडे बाहेर काढले. पत्त्यांचा कॅट उलगडावा तसे. तुमच्या मेव्हण्यांनी जन्मभर डेपोत बसगाड्या दुरुस्त केल्या आहेत, आणि जिथे फट दिसेल तिथे चकती सरकवायची हा त्यांचा एकच सिद्धांत आहे. आई रोज सकाळी “अजून लांब वाटतोय” म्हणायची आणि बाबा रोज सकाळी बुटांच्या खोक्याचा एक तुकडा कापून तळव्याच्या आकारात बसवायचे. अगदी सफाईदार काम होतं, कडा काचपेपरनं घासलेल्या. सात तुकडे मिळून अकरा मिलिमीटर. म्हणजे न बिघडलेल्या पायाखाली ठोकळा ठेवून आम्ही आईला चालवत होतो. “मग टप्प्याटप्प्यानं कमी करत नेणार होतो मी,” बाबा म्हणाले. माझी चूक त्यांच्यापेक्षा मोठी होती. मी चार दिवस अनवाणी पाय मोजत बसले आणि बिघाड चपलेत होता. पुठ्ठे निघाल्यावर पाठ दोन दिवसांत शांत झाली, गुडघा तीन दिवसांत.

इथवर सगळं विनोदी आहे. पुढचं लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला, कारण ते तुमच्याबद्दल आहे.

सोळाव्या दिवसापासून आईचं सगळं दुखणं थांबलं. गुडघा? नाही. खांदे? नाही. मांडी, जांघ, पाठ? छे. काय विचाराल ते शून्य. मामा, कायम शून्य दाखवणारं उपकरण आमच्याकडे आलं तर त्याचं कौतुक न करता आम्ही आधी त्याची बॅटरी तपासतो. आईच्या घोट्याला मी पावलं मोजणारं घड्याळ बांधलं होतं. (मनगटावर चालत नाही, वॉकर धरलेला हात हलत नसल्यामुळे ते एकही पाऊल मोजत नाही. घोट्याला बांधल्यावर आई म्हणाली, “हां, आता बेडीच घाल.”) पंधराव्या दिवशी तिची अकराशे ऐंशी पावलं झाली होती. मग नऊशे, सहाशे, साडेचारशे आणि बाविसाव्या दिवशी तीनशे दहा. ज्या बाईला काही दुखत नाही ती दर दिवशी कमी का चालते, या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आले, आणि चार वाजता तुमचा फोन आला. मी दाराशी बूट काढत होते. ऐकायचा हेतू नव्हता, पण तुमच्या आवाजाला सलूनमध्ये पंखा, रेडिओ आणि चार गिऱ्हाइकं यांच्यावर चढायची सवय आहे. तुम्ही विचारलंत, “ताई, खरं सांग, दुखतं का?” आई म्हणाली, “अजिबात नाही रे धाकट्या. मी तर आता स्वयंपाकघरात उभी राहून बोलतेय.” ती खुर्चीत बसली होती. मला पाहिलं आणि फोन कानाला तसाच ठेवून, ओला कपडा पिळावा तसा खुर्चीचा हात आवळून, ती उभी राहिली. उभी राहताना तिनं डोळे मिटले. मग डोळे मिटूनच स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि ओट्याला टेकून म्हणाली, “हो ना, उभी आहे.”

मग सगळं बाहेर आलं. त्याच्या आठवडाभर आधी तुम्ही तिला विचारलं होतं, “दुखण्याच्या गोळ्या घेतेस का अजून?” ती म्हणाली, “छे, कधीच बंद केल्या.” आयुष्यात खोटं न बोललेली बाई ती. फोन ठेवल्यावर तिला चैन पडेना. म्हणून आपण बोललो ते खरं व्हावं यासाठी तिनं त्या दिवसापासून गोळ्या खरोखरच बंद केल्या. (रक्त पातळ ठेवणारी गोळी ती वेळेवर घेत होती, कारण तिच्याबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं.) गोळी नाही म्हणून बसल्याजागेवरून उठताना मांडीत कळ यायची, पहिली तीन पावलं तर टाकवायची नाहीत. कळ येते म्हणून ती उठेना. उठत नाही म्हणून पाय आखडला. आखडला म्हणून कळ वाढली. आमच्या फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेली यादी लावली आहे, कोणत्या दुखण्याला ताबडतोब फोन करायचा त्याची. पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, एकाएकी पाऊलच टाकता येईना, अशी. आईनं ती रोज वाचली. मांडीची कळ त्यात नव्हती. यावरून तिनं असा निष्कर्ष काढला की हे इतकं भयंकर असणार की डॉक्टरांना लिहवलं नाही. सांधा निसटला, ऑपरेशन फुकट गेलं, हे ती मनात धरून बसली आणि सहा दिवस एकटीच घाबरत राहिली. आम्हाला सांगितलं असतं तर बाबा तुमच्याजवळ बोलले असते, आणि तुम्ही अठरा तारीख रद्द केली असती. एवढंच तिचं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. सांधा जागच्या जागी होता, डॉक्टरांच्या शब्दांत “पुस्तकात छापण्यासारखा”. उठतानाची कळ स्नायूंची, ती बहुतेकांना येते, गोळी घेऊन, दर तासाला उठून चालून जाते. ते आईवर जरा रागावले. म्हणाले, “बाई, तुम्ही लपवलंत तर मला कसं कळणार?” आई म्हणाली, “तुम्हाला भाऊ नसेल.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं.

आता आजची, एक्केचाळिसाव्या दिवसाची, खरी स्थिती. आज सकाळी आई काठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन आली. काल दिवसभरात दोन हजार एकशे चाळीस पावलं झाली. गुडघा संध्याकाळी अजून कुरकुरतो. उठतानाच्या तीन पावलांचं आता एक पाऊल राहिलं आहे. जखमेशेजारी तळहाताएवढी कातडी बधिर आहे. पाठीवर झोपावं लागल्यामुळे सकाळी ती चिडचिड करते आणि ती थेट बाबांवर निघते. हे सगळं होतं, तुम्हालाही होईल, होणारच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि जे होत नाही तेही त्याच काटेकोरपणे लिहायला हवं. नऊ वर्षं तिला खुब्यात जे दुखत होतं, ज्याच्यामुळे ती तुमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून “जरा हवा खाते” म्हणायची, ते दुखणं नाही. ते कधी गेलं हे तिला सांगता येत नाही. मी तारीख विचारली, वहीत लिहायला. ती म्हणाली, “अगं, आठवलंच नाही बघ.” तो रकाना रिकामा ठेवला आहे.

म्हणून एक विनंती. फोन रोज करा, पण “दुखतं का” विचारू नका. त्याचं उत्तर ती तुमच्या सोयीचं देते. “आज पावलं किती” विचारा. आकड्यात खोटं बोलणं तिला जमत नाही, आणि घड्याळ माझ्या ताब्यात आहे.

बाबा नमस्कार सांगतात. त्यांनी सध्या टोपी घालायला सुरुवात केली आहे.

तुमची,
कल्पनाशक्ती नसलेली भाची

ता. क. : बूट किंवा रोजच्या चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घेऊन कळवा. आईचा वॉकर आता मोकळा आहे, तो तुमच्या मापाला लावून ठेवते. इस्पितळातून तुम्ही थेट आमच्याकडे यायचं आहे. इथे पायऱ्या नाहीत. आईनं खोली ठरवली आहे आणि बाबांकडून बुटांची सगळी खोकी मी काढून घेतली आहेत.

ता. क. २ : इस्पितळात फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, “सलूनवाले का? ते दोनदा विचारून गेले, माझी तारीख दुसऱ्या कुणाला हवी असेल तर द्या म्हणून.” मी सांगितलं की ती तारीख कुणालाच द्यायची नाही. तारीख रद्द करायची असेल तर स्वतः येऊन अर्ज भरावा लागतो, आणि ते कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. हे लिहिणार नव्हते, पण न लिहिणं खोटं झालं असतं.

ता. क. ३ : आईनं पत्र वाचलं. टूथब्रश आणि उशीपाशी ती बराच वेळ थांबली, तिला ते इथेच कळलं. मग शेवटपर्यंत वाचून म्हणाली, “एवढी पानं लिहिलीस, पण तुला मामाची काळजी वाटते असं एका ओळीतही नाही.” मी पत्र पहिल्यापासून पुन्हा तपासलं. तिचं म्हणणं बरोबर आहे. ती नोंद राहून गेली होती. वाटते.